योगिनीनं सुकट सोडली

योगिनीनं सुकट सोडली, तेव्हा शीलाला पहिल्यांदा शंका आली.

माणसं नोकरी सोडतात, शहर सोडतात, मुली नवरेसुद्धा सोडतात. त्याला काही ना काही कारण असतं आणि ते चारचौघांत सांगता येतं. पण कोपर गावातल्या कोळ्याच्या घरात जन्मलेली, दात यायच्या आधी सुका बोंबील चोखलेली मुलगी ताटातली सुकटीची चटणी बोटानं बाजूला सारते आणि म्हणते, "नको आई, सध्या नको," तेव्हा आईनं काय समजायचं?

"सध्या म्हणजे?" शीलानं विचारलं.

"सध्या म्हणजे सध्या."

"पोट बिघडलंय?"

"नाही गं."

"मग उपास धरलायस कसला?"

"आई, जेवू दे ना."

शीलानं जेवू दिलं. पण डाळभात कालवणाऱ्या आपल्याच मुलीकडे ती अशी बघत राहिली, जसं आपण चुकून आपल्या घरात शिरलेल्या दुसऱ्याच्या पाहुण्याकडे बघतो.

गुणाजी, तिचा नवरा, समोरच बसून वाकटीचा काटा काढत होता. जन्मभर महापालिकेचा पाण्याचा टँकर चालवून तो रिटायर झाला होता आणि जगातल्या कुठल्याही घडामोडीवर त्याचं एकच मत होतं. तेच त्यानं आताही दिलं. "असेल काहीतरी."

काहीतरी होतंच. ते काय, एवढंच शीलाला हवं होतं.

योगिनी साधीसुधी मुलगी नव्हती. कोपर गावात रसायनशास्त्रात पीएचडी झालेली ती पहिली. ज्या दिवशी तिला डिग्री मिळाली, त्याच दिवशी शीलानं स्टेशनजवळच्या रबर स्टँपवाल्याकडून पितळी पाटी करून आणली आणि दारावर ठोकली. डॉ. योगिनी गुणाजी तांडेल. पाटी लागल्यापासून आळीतली माणसं खोकला, खरूज आणि रडणारी तान्ही पोरं घेऊन दारात यायला लागली. "ती तसली डॉक्टर नाय," शीला सांगायची, "कॉलेजातली हाय." लोक निराश होऊन परत जायचे. शीला मात्र निराश व्हायची नाही. कॉलेजातली डॉक्टर ही नेहमीच्या डॉक्टरपेक्षा एक पायरी वरचीच असणार, नाहीतर तिला इतकी वर्षं लागलीच नसती.

मग योगिनी कल्याणच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायला लागली. तासांवर म्हणजे जेवढे तास, तेवढाच पगार. सुट्टी लागली की पगार बंद, आणि जूनमध्ये पुन्हा नव्यानं मुलाखत, त्याच लोकांसमोर, तेच प्रश्न. "ते तुला दर वर्षी विसरतात काय गो?" शीला विचारायची. योगिनी हसायची. पुढे पुढे हसेनाशी झाली. आणि गेल्या दिवाळीनंतर एक दिवस म्हणाली, "आई, मी कॉलेज सोडलं. माजिवड्याला एका कंपनीत लागले."

"कसली कंपनी?"

"रिसर्च आहे."

"कसला रिसर्च?"

"ते बाहेर सांगायचं नसतं. कंपनीचा नियम आहे."

शीला कोपर स्टेशनच्या पश्चिमेला, पुलाच्या जिन्याखाली सुक्या मासळीचं दुकान लावायची. दुकान म्हणजे दोन फळ्या आणि वर निळी ताडपत्री. सासू जनीनं लावलं होतं, ते तिनं चालवलं. तेव्हा मासळी कोपरच्याच खाडीतली होती; आता खाडीत मासळीही नव्हती आणि होड्याही नव्हत्या, माल उत्तनहून टेम्पोनं यायचा. एवढी वर्षं बाजारात बसल्यावर बाईला एक गोष्ट पक्की कळते. जो माल चांगला असतो, तो कोणी झाकून ठेवत नाही.

एकदा शंका आल्यावर शीलाला सगळंच दिसायला लागलं. योगिनीनं डोक्याला तेल लावायचं सोडलं होतं. पावडर सोडली. अबोलीचा गजरा आणला तर म्हणाली, "तू माळ ना." कच्चा कांदा सोडला, लसूण सोडला. न्हाणीत तिचा वेगळा साबण आला, पांढरा, बिनवासाचा. शीलानं तो नाकाला लावून पाहिला तर दगड हुंगल्यासारखं वाटलं. आणि कपडे. कपडे ती दोरीवर घालेनाशी झाली. कुठेतरी बाहेर धुऊन आणायची आणि प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, पापड ठेवतात तसल्या.

ह्यातलं एकेक वेगळं असतं, तर शीलानं सोडूनही दिलं असतं. पण एक गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरेना. योगिनी स्टेशनकडे जाताना रोज आईच्या दुकानापाशी थांबायची, फळीवरचा जवळा चिमटीत घेऊन तोंडात टाकायची, "येते गो म्हातारे" म्हणायची आणि जायची. आता ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायची. मोबाइलमध्ये बघत. आई दिसलीच नाही अशी.

"माझी लाज वाटते तिला," शीला मनात म्हणाली. हे वाक्य मनात म्हणून झाल्यावर तिनं फळीवरचे बोंबील उगीचच पुन्हा रचले.

शेजारी भाजी विकणारी तुळसा हे सगळं बघत होती. तुळसा देशावरची, साताऱ्याकडची. जगातल्या सगळ्या मुलींचं एकच होतं असं तिचं म्हणणं. "शीलाबाय, पोरगा बघून ठेवलाय पोरीनं."

"मग त्यात कांदा कशाला सोडायचा?"

"जैन असंल. नायतर मारवाडी. कांदा नाय, लसूण नाय, मासळी तर नायच नाय. आधीपासनं सवय करतीय, सासरी गेल्यावर जड जाऊ नाय म्हणून."

"माझी मुलगी मला न सांगता असं करायची नाय."

"न सांगताच तर करत्यात," तुळसा म्हणाली आणि कोथिंबिरीवर पाणी मारलं.

त्याच आठवड्यात योगिनीला एकानं स्कूटरवरून आळीच्या तोंडाशी सोडलं. उंच, चष्मा लावलेला, केस नीट विंचरलेले. उतरताना त्यानं तिच्या हातात कागदाची पुडी दिली. शीला पाणी भरायच्या निमित्तानं बाहेरच होती.

"कोण गो तो?"

"दिपेश. ऑफिसमधला."

"पुडीत काय?"

"फुटाणे, आई. खा."

शीलानं एक फुटाणा खाल्ला. फुटाणाच होता. पण मीठ नव्हतं, मसाला नव्हता, कशाचीच चव नव्हती. जे फुटाण्यालाही मीठ लावत नाहीत, अशा माणसांत आपली मुलगी दिवसभर काय करते?

मग तो फोन. रविवारची दुपार होती, गुणाजी झोपलेला. योगिनी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून हळू आवाजात बोलत होती, आणि शीला पडद्याच्या अलीकडे तांदूळ निवडत होती, म्हणजे तांदळात हात होता.

"उद्या बारा जण आहेत ना? ... हो, सगळे पुरुषच. ... आल्या आल्या शर्ट काढूनच बसव त्यांना, नाहीतर फार वेळ जातो. ... नको, आधी मी एकटीच घेते. तू नुसता लिही."

शीलाच्या हातातली तांदळाची मूठ हातातच राहिली.

आता खरं तर पडदा सारून विचारायचं. कोणीही विचारलं असतं. शीलानंही मनातल्या मनात विचारून पाहिलं. पण विचारलं आणि ती खोटं बोलली तर? आजवर योगिनी तिच्याशी खोटं बोलली नव्हती. सांगितलं नव्हतं, एवढंच. न सांगण्यापर्यंत ठीक होतं, त्यात अजून ती आपली होती. आपण विचारणार, ती डोळ्यांत बघून खोटं सांगणार, आणि मग ती गेलीच. दारावर पाटी राहील, मुलगी राहणार नाही. शीलाला मुलगी घालवायची नव्हती. तिनं तांदूळ निवडले.

दुसऱ्या दिवशी मात्र तिनं दुकान तुळसावर सोपवलं, उत्तनहून आलेल्या सोड्यांची, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीची, पिशवी तशीच खांद्याला अडकवली, ठाण्यापर्यंत मुलीच्या मागच्या गाडीनं गेली आणि तिथून रिक्षा केली. कंपनीचं नाव योगिनीच्या गळ्यातल्या कार्डावर वाचलेलं होतंच. माजिवडा नाक्याच्या पुढे, हायवेला लागून, काचेची इमारत. बोर्ड एवढासा, तोही इंग्रजीत. चांगला माल झाकत नाहीत, शीलाला आठवलं.

गेटच्या आत, सावलीत, बाकांवर पुरुष बसले होते. रिक्षावाले वाटत होते, एकदोन कॉलेजातली पोरं, एक टक्कल पडलेले काका. सगळे गप्प, दवाखान्यात बसल्यासारखे. गेटापाशी तंबाखू मळत उभ्या असलेल्या एकाला शीलानं गाठलं.

"भाऊ, इथं काय असतं?"

"काय नाय मावशी. जायचं, बसायचं, हात वर करायचा. निघायचं."

"हात वर करायचा?"

"हां. आणि आठवडाभर साबण लावायचा नाय. ते देतात तोच लावायचा. तंबाखू पण नको सांगतात," तो म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकली. "मला आज घेतला नाय."

"आत कोण असतं?"

"मॅडम असतात. भारी शिकलेली हाय. डोळे मिटून बसते." त्यानं आवाज खाली आणला. "एक शब्द बोलत नाय."

शीला मनात जुळवायला लागली. हात वर करायचा. साबण सोडायचा, कांदा-लसूण सोडायचा, मासळी सोडायची. कोणी एक डोळे मिटून बसते. असे पंथ तिनं ऐकले होते. शहाडला तिच्या मावसबहिणीची सून असल्याच एका बाबाच्या नादी लागून घर सोडून गेली होती. सुरुवात तिचीही कांद्यापासूनच झाली होती. आणि ही तर डॉक्टर. पंथवाल्यांना डॉक्टर म्हणजे केवढं मोठं गिऱ्हाईक.

ती गेटाकडे सरकली. वॉचमन आडवा आला. नाकाचा शेंडा हलवून त्यानं तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं.

"मावशी, वासाचं सामान आत चालत नाय. सक्त ऑर्डर आहे. गेटपासून पण जरा लांब उभ्या राहा."

"कोणाची ऑर्डर?"

"तांडेल मॅडमची."

शीला लांब जाऊन उभी राहिली. हायवेच्या पलीकडे, पुलाच्या खांबापाशी. मग तिच्या लक्षात आलं की आपण उभं राहण्यासारखं तिथं काही नाही, आणि ती रिक्षात बसली.

घरी आल्यावर तिनं कोणाला काही सांगितलं नाही. गुणाजीनं विचारलं, "कुठे गेलेलीस?" तर म्हणाली, "असंच." त्यालाही तेवढं पुरलं.

आता एकच उपाय होता. सासू जनीचा. ती म्हणायची, माणूस एकदम बदललं की त्याला विचारत बसू नये, आधी दृष्ट काढावी. मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या मुठीत धरून माणसावरून उतरायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला, खोकून खोकून जीव गेला, तर दृष्ट नव्हती. आणि मिरच्या जळूनही कोणाला साधी शिंक आली नाही, तर समजायचं, मोठी नजर लागली होती, ती जळाली. शीला हे खरं मानत होती का, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण करून पाहायला काही लागत नव्हतं, आणि काहीतरी करायला तर हवं होतं.

जागेपणी योगिनी बसू देणार नाही. म्हणून शीला पहाटे उठली. देवळाबाहेर मिळते ती कोळशाची गोल वडी तिनं गॅसवर फुलवून धुपाटण्यात ठेवली. योगिनी पंख्याखाली पालथी झोपली होती, लहानपणी झोपायची तशीच, एक हात उशीखाली. शीला क्षणभर तिच्याकडे नुसती बघत राहिली. मग मूठ तिच्यावरून उतरवली, आल्यागेल्याची, शेजारपाजाऱ्याची, जैनाची, मारवाड्याची, बाबाची, मॅडमची, जी कोणाची असेल तिची, असं पुटपुटत, आणि मूठ निखाऱ्यावर सोडली. मिरच्या तिखट लवंगी होत्या. आणि मुठीत जरा जास्तच आल्या होत्या, कारण शंकाही जास्त होती.

पहिल्यांदा गुणाजी खोकला. मग शीला. मग शेजारच्या भिंतीपलीकडून कोणीतरी. योगिनी दचकून उठली, तिनं तोंड उघडलं आणि तिला श्वासच घेता येईना. डोळे चोळत, खोकत, भिंत धरत ती दारापर्यंत पोचली आणि तिनं दोन्ही फळ्या धाडकन उघडल्या.

एवढा ठसका. म्हणजे दृष्ट नव्हतीच. म्हणजे जे आहे ते सगळं खरंच आहे. खोकता खोकता शीलाच्या मनात एवढंच आलं.

योगिनी दाराबाहेरच्या ओट्यावर बसली. डोळे लाल, नाकातून पाणी. ती रागावली असती तर शीलाला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिनं ओढणीनं नाक पुसलं, मग मनगट नाकापाशी नेलं, जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग हात खाली टाकला.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"नाक. आई, आज माझी परीक्षा होती. आज पास झाले असते तर कायम करणार होते मला. नाहीतर आज शेवटचा दिवस."

"नाकाची परीक्षा?"

"हो. नाकाचीच." ती हसायला लागली आणि हसताना पुन्हा खोकली. "मी हुंगते, आई. ते काम आहे माझं."

"काय हुंगतेस?"

"माणसांच्या काखा."

न्हाणीच्या दारात ब्रश घेऊन उभ्या असलेल्या गुणाजीनं तोंडातला फेस थुंकला. "कोणाच्या?"

"कोणाच्याही, पप्पा. बारा-बारा माणसं येतात. एका काखेला आमचा नवा डिओ, दुसरीला नुसतं पाणी. तासातासानं मी हुंगायचं आणि वास किती उरलाय त्याला मार्क द्यायचे. दिपेश ते लिहितो. माझ्या मार्कांवर ठरतं, तो माल बाजारात जायचा की परत लॅबमध्ये. यंत्र आहे कंपनीकडे, कोट्यवधींचं, पण माणसाला घाण काय वाटतं ते यंत्राला कळत नाही." तिनं नाक पुन्हा पुसलं. "म्हणून तेल नको, गजरा नको. मासळी नको. कपडे डब्यात. शर्ट काढून बसवतो ते ह्यासाठी. तू तो फोन ऐकत होतीस ना? एक दाणा निवडल्याचा आवाज नव्हता."

शीलानं धुपाटणं उचलून दाराबाहेर ठेवलं. घरात धूर अजून लोंबत होता.

"एवढं शिकून," ती शेवटी म्हणाली, "एवढी वर्षं घालवून, तू लोकांच्या..."

"बघ. म्हणूनच सांगितलं नाही."

"कंपनीचा नियम म्हणालीस."

"नियम डिओत काय घातलंय ते न सांगायचा आहे. काखेचा काही नियम नाही." योगिनीनं दारावरच्या पाटीकडे पाहिलं. "ह्या पाटीखालून रोज जाताना वाटायचं, हिला कळलं की ही पाटी उतरवेल. कॉलेजात चार वर्षं मी शिकवलं आणि पोरं मोबाइल बघायची, आणि जूनमध्ये कोणी मला ओळखायचं नाही. इथे मी नाक मुरडलं तरी सहा माणसं वही घेऊन उभी राहतात. मला आवडतं ते काम. पण ते तुला आळीत कसं सांगता येणार?"

"आणि मला वाटलं," शीला म्हणाली आणि थांबली. मग बोललीच. "मला वाटलं, तुला माझा वास नकोसा झालाय. रस्ता ओलांडून जातेस. त्या वॉचमननं मला गेटावरून लांब उभं केलं, तुझी ऑर्डर म्हणून."

"तू आलेलीस?"

"सोडे होते खांद्याला."

योगिनीनं ओढणीच्या टोकाची घडी घातली, मोडली. खोटं बोलायचं असतं तर तेवढ्यात बोलता आलं असतं. "वास नको होता, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण तुझा एकटीचा नाही. सगळ्यांचाच. माझा पण. जवळा चिमटीत घेतला की तो संध्याकाळपर्यंत बोटाला राहतो. दुकानापाशी आले तर हात आपोआप पुढे जातो, म्हणून पलीकडून जाते." मग जरा वेळानं: "तू एकदा विचारायचंस ना पण."

"तू खोटं बोलली असतीस तर?"

गुणाजीनं चूळ भरली आणि त्याचं मत दिलं. "मी म्हटलं नव्हतं, असेल काहीतरी?"

अंदाजानं परीक्षा देऊन येते, असं योगिनी म्हणाली. तीन तीन बाटल्या असतात, त्यातली वेगळी ओळखायची. नशीब असेल तर जमेल. शीलानं ऐकून घेतलं. मग तिनं डोक्यावरून अंघोळ केली, तेही त्या दगडासारख्या साबणानं, आणि पातळ बदलून दारात येऊन उभी राहिली.

"चल. मी येते. मी सांगते त्यांना, मिरच्या कोणी जाळल्या ते."

"ते विश्वास नाही ठेवायचे, आई."

"कसा ठेवतील? मी तरी ठेवला असता?"

गेटावर तोच वॉचमन होता. ह्या वेळी पिशवी नव्हती, तरी त्याचा नाकाचा शेंडा हलला. त्यानं आत जाऊ दिलं नाही, वर फोन केला. योगिनीच्या वरच्या साहेब, स्वप्ना मॅडम, स्वतःच खाली आल्या. पन्नाशीची, लहानखुरी बाई. ना पावडर, ना फूल. त्यांनी योगिनीच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते शीलानं ओळखलं. बोंबील ओले निघाले म्हणून परत आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती स्वतः तसंच बघायची.

"गेल्या वेळी एकाच्या घरी नेमकं रंगकाम निघालं," मॅडम म्हणाल्या. "त्याआधी एकीच्या शेजारणीनं फिनेल सांडलं. परीक्षेच्या दिवशीच सगळं बरं निघतं. तुझं काय, योगिनी?"

योगिनी बोलायच्या आत शीला पुढे झाली. "मॅडम, तिचं काय नाय. माझं हाय. मी तिची दृष्ट काढली. मला वाटलं, तुम्ही तिला नादी लावलंय."

"मी?"

"तुम्ही म्हणजे, जे कोण डोळे मिटून बसतं ते."

"डोळे मिटून तीच बसते," मॅडम म्हणाल्या. मग त्या एक पाऊल पुढे आल्या. शीलाला वाटलं, आता ही हाताला धरून बाहेर काढणार. मॅडमनी डोळे मिटले. शीलाच्या खांद्यापाशी, ओल्या अंबाड्यापाशी नाक नेलं आणि हळू, तुटक तुटक श्वास घेतले. मागून हायवेवरचे ट्रक जात होते. गेटावरचा वॉचमन आणि बाकांवरची माणसं बघत होती. शीला जन्मात इतकी ताठ उभी राहिली नव्हती.

"मिरची," मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या. "लवंगी. बरीच. मोहरी जळलेली. कोळसा, पण लाकडाचा नाही, धुपाची वडी." त्या थांबल्या. "आणि त्याच्या खाली जुनं काहीतरी आहे. आजचं नाही. सुका जवळा?"

"माझं दुकान हाय," शीला म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही, पण घालावीशी वाटली. "सासूपासनं."

मॅडमनी डोळे उघडले आणि योगिनीकडे वळल्या. "ह्या घरातून तू रोज येतेस?"

"हो, मॅडम."

"आणि सहा महिन्यांत मला एकदाही जवळा लागला नाही तुझ्या अंगाला." त्या जराशा हसल्या, म्हणजे ओठ हलले. "सोमवारी घेऊ परीक्षा. तोवर घरात धूर नको."

"आणि जवळा?" शीलानं विचारलं.

"तो तुमचा धंदा आहे, मावशी. त्यात मी काय सांगणार?"

परत येताना दोघी रिक्षात बसल्या. माजिवड्याचा पूल मागे पडल्यावर शीला म्हणाली, "सोमवारपर्यंत माल तुळसाच्या खोलीवर ठेवते. तिच्या कोथिंबिरीला वास लागेल, लागू दे. फार बोलते ती."

"आई."

"आणि तो दिपेश?"

"तो नुसता मार्क लिहितो."

"हं," शीला म्हणाली. मार्क लिहिणारा माणूस स्कूटरवरून आळीपर्यंत सोडायला येत नाही आणि फुटाणे तर मुळीच आणत नाही. पण एका दिवसाला एवढं पुरे होतं. ते तिनं पुढच्यासाठी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसा तिची वाटच पाहत होती. "काय मग शीलाबाय? जैन का मारवाडी?"

शीलानं फळीवर वाकट्या मांडल्या. डिओची कंपनी म्हणावं, रिसर्च म्हणावं, मोठं यंत्र आहे म्हणावं, असं सगळं येतानाच तिच्या मनात तयार होतं. तुळसाचं तोंड पाहिल्यावर तिला ते झाकलेल्या मालासारखं वाटलं.

"माणसांच्या काखा हुंगते माझी योगिनी," ती म्हणाली, पलीकडच्या केळीवाल्यालाही ऐकू जाईल अशी. "त्यातली डॉक्टर हाय ती."

तुळसाच्या हातातली कोथिंबिरीची जुडी हातातच राहिली. "थट्टा करताय होय?"

"नाय गो."

"मग कायतरी लपवताय. असलं काम असतंय व्हय कुठं?" तुळसानं डोळे बारीक केले आणि शीलाकडे असं बघितलं, की शीलाला बरंच काही ओळखीचं वाटलं.

तेवढ्यात योगिनी आली. रस्त्याच्या पलीकडून, रोजच्यासारखी. सोमवार अजून लांब होता. पण आज मोबाइल पर्समध्ये होता. शीलाच्या समोर आल्यावर ती थांबली, इकडे बघून तिनं हात वर केला.

शीलानंही केला. नुसता हलवला नाही. त्या माजिवड्याच्या बाकांवरची माणसं आत जाऊन करत असतील तसा, पदर सावरत, कोपर कानापर्यंत नेऊन, चांगला उंच. पलीकडे योगिनी जागच्या जागी वाकून हसायला लागली, आणि हसता हसता तिनं नाकापुढे हात हलवला.

"किती मार्क?" शीलानं ओरडून विचारलं.

योगिनीनं तोंडावर बोट ठेवलं, कंपनीचा नियम असल्यासारखं, आणि जिन्याकडे वळली.